पहाटेपूर्वीचा दिवा

आमच्या वसतिशाळेत पहाटे पाच वाजता घंटा होत असे. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक टांगलेला तुकडा होता व त्यावर लोखंडी सळईने ठोके पडत. हिवाळ्यात तो आवाज आम्हांस शत्रूसारखा वाटे. अंथरुणाच्या वळकट्या करून, थंडगार पाण्याने तोंड धुऊन बुद्धमूर्तीसमोर ओळीने बसेपर्यंत आमचे डोळे अर्धे मिटलेलेच असत. त्रिसरण-पंचशील म्हणताना जीभ जागी आणि मन झोपलेले, अशी कित्येकांची अवस्था असे. कोणी कुरकुर केलीच तर गृहपाल एवढेच सांगत की, बाबासाहेब तुमच्या वयाचे असताना रात्री दोन वाजता उठून अभ्यासाला बसत. दोनपुढे पाचाची ती काय मातब्बरी! आमची कुरकुर तेथेच संपे.

या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे काम आम्हां काही माजी विद्यार्थ्यांकडे आले, तेव्हा तीच गोष्ट सर्वांना प्रथम आठवली. ती नीट सांगावी म्हणून बाबासाहेबांची चरित्रे व त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी पुन्हा वाचल्या. तेव्हा ध्यानात आले की, लहानपणी आम्ही ती गोष्ट अर्धीच ऐकली होती. मुलगा दोन वाजता उठे हे खरे. परंतु त्याला उठविणारा माणूस तोवर झोपलेलाच नसे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, अथवा सांगितले असेल तर ते लक्षात ठेवण्याचे आमचे वय नव्हते. आज आमच्यापैकी बहुतेक जण स्वतः आईबाप आहेत. म्हणून ती उरलेली अर्धी गोष्ट येथे मांडीत आहोत. तिची सुरुवात मात्र परळला होत नाही, साताऱ्याला होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात आई भीमाबाई निवर्तल्या, तेव्हा भीमराव अवघे पाच-सहा वर्षांचे होते. पाठीला बाक आलेल्या आत्या मीराबाई यांनी आईविना मुलांचा सांभाळ केला. शाळेत वेगळे बसणे, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसणे, नळाला हात न लावता तहान सोसणे हे सर्व आमच्या वाचकांना ठाऊक आहे. १९०१ साली, वडील गोरेगावला खजिनदार असताना, त्यांना भेटण्यासाठी मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली आणि पुढचा बैलगाडीचा प्रवास त्यांनी रात्रभर पाण्याच्या घोटावाचून केला. जातीचा पहिला जबर धक्का भीमरावांना त्या रात्री बसला.

पण साताऱ्यातील आणखी काही रात्री आहेत आणि त्यांचा उल्लेख आमच्या समारंभांतील भाषणांत क्वचितच होतो. सुभेदारांनी दुसरा विवाह केला होता. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून मुलाचे मन वडिलांवरून उडाले. त्यांच्या आधारावर जगायचे नाही, असे त्याने ठरविले. साताऱ्याकडची पुष्कळ मुले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागत. आपणही तेच करावे, हा त्याचा बेत. अडचण होती ती गाडीभाड्याची. आत्याच्या कमरेला एक बटवा खोचलेला असे. रात्री ती झोपली की तो काढून घ्यायचा, असे त्याच्या मनाने घेतले. तीन रात्री तो जागा राहिला आणि तिन्ही रात्री बटवा हाती आला नाही. चौथ्या रात्री आला. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा!

अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही. स्वतःची लाज मात्र पुरेपूर वाटते. त्या चार रात्रींनी आपल्याला वेगळे वळण दिले, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः सांगितले आहे. पळून जाण्याचा बेत त्यांनी सोडला आणि ठरविले की आता नेटाने अभ्यास करायचा, परीक्षा उत्तीर्ण व्हायच्या आणि स्वतःच्या पायांवर उभे राहायचे. तोवर पुस्तकांपेक्षा बागकामात आणि भटकण्यात अधिक रमणारा हा मुलगा होता व शिक्षक वडिलांकडे तक्रारी करीत.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला. आमच्या भिंतींवरील तसबिरींतले बाबासाहेब हातात ग्रंथ घेऊनच जन्मास आल्यासारखे दिसतात. वसतिशाळेच्या कुंपणावरून पळून जाण्याचा विचार ज्याने एकदाही केला नाही असा माजी विद्यार्थी आमच्यात शोधून सापडणार नाही, आणि अशा मुलाला साताऱ्याचा तो बटवा तसबिरीपेक्षा जवळचा वाटेल. आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. त्या वयात त्यांनी जो हेतू धरला होता तो केवळ स्वतःपुरता होता. कोणाचा उद्धार, कोणाची मुक्ती त्यात नव्हती. वडिलांच्या अंकित राहायचे नाही, एवढाच तो हेतू. आणि तो साध्य करण्यास मदत केली ती याच वडिलांनी.

१९०४ साली सुभेदार कुटुंबासह मुंबईस आले व परळच्या कामगारवस्तीत एका चाळीतील एका खोलीत राहू लागले. भीमराव प्रथम मराठा हायस्कुलात आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. खोली एकच. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, अभ्यास तिथेच. भांडीकुंडी, जाते, वर फळीवर रचलेले सरपण, चुलीचा धूर आणि सोबतीला एक बकरी. संध्याकाळी सगळे घरी आले की पाय पसरायला जागा उरत नसे, मग पुस्तक कोठे पसरणार? शेजारच्या खोल्यांतील रडणेभांडणे, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे येणारे-जाणारे लोक, भजने, कलकल. चाळ झोपत असे ती बऱ्याच उशिरा.

यावर बापलेकांनी एक तोड काढली. मुलाने जेवून लवकर झोपावयाचे. बापाने जागे राहावयाचे. रात्री दोन वाजता बापाने मुलाला उठवावयाचे आणि मुलाच्या जागेवर स्वतः अंग टाकावयाचे. मुलाने चिमणीच्या उजेडात, म्हणजे काच नसलेल्या, हेलकावणाऱ्या ज्योतीच्या त्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात उजाडेपर्यंत वाचावयाचे. खोली एकच होती. ती दोघांनी घड्याळाच्या काट्यावर वाटून घेतली.

आता त्या सुभेदारांकडे पाहू. वय झालेले, निवृत्तिवेतनावर संसार, दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. करमणुकीसाठी हा माणूस जागत नव्हता. कबीरपंथी, व्यसनापासून दूर, सकाळ-संध्याकाळ मुलांना सोबत बसवून भजने व दोहे म्हणणारा, शिस्तीत कडक. लष्करात असताना इंग्रजी आणि शिक्षणकला शिकलेला. तर्खडकरांच्या भाषांतरमाला आणि हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे पुढे जगाने कौतुक केले. तिचा पाया कोलंबिया विद्यापीठात घातला गेला नव्हता, तो या खोलीत घातला गेला होता. शाळेच्या क्रमिक पुस्तकांबाहेरची पुस्तके विकत घेण्याचा मुलाचा हट्ट तेव्हापासूनच होता. पैसे नसले की सुभेदार टोपी डोक्यावर घालून बाहेर पडत आणि मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीकडे जात. तिच्याकडे रोकड नसली तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसली तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घरी आणीत. निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून मुलीला परत करीत. मंजुळा आणि तुळसा या त्या दोन भगिनी. ज्यांच्या हातातील दागिन्यांवर बाबासाहेबांची पहिली ग्रंथसंपदा उभी राहिली, त्या बहिणींचे नाव आपल्या कार्यक्रमपत्रिकांवर आम्ही अद्याप पाहिलेले नाही. थोरले बंधू आनंदराव यांनी तर स्वतःची शाळाच सोडली आणि नोकरी धरली. दोघांना शिकविण्याची घराची ऐपत नव्हती, एकालाच शिकविता येत होते.

येथे पालकांसाठी एक आकडा देतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. ७५० पैकी गुण मिळाले २८२. इतक्या रात्री, इतक्या चिमण्या, गहाण पडलेले दागिने, आणि त्यातून निष्पन्न झाले ते शेकडा अडतीसही नव्हे! आज आपल्या घरी असा निकाल आला तर जेवणाची ताटे तशीच राहतील. सुभेदारांच्या घरी तसे झाले नाही. वस्तीने मुलाचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. समाजातील एका मुलाने एवढी मजल मारणे हीच त्या काळी अपूर्व घटना होती.

त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले होते. विल्सन हायस्कुलातील हे शिक्षक संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. शाळा सुटल्यावर तेथेच एका बाजूस हा मुलगाही पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यातून ओळख झाली होती. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांनी सत्कारात भीमरावांना भेट दिले. पुस्तकाचे बी कधी उगवेल याचा हिशेब देणाऱ्याजवळ नसतो. या पुस्तकाला रुजून वर यायला एकोणपन्नास वर्षे लागली.

केळुसकरांच्याच शिफारशीने सयाजीराव महाराज गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली व एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे झाले. तोपर्यंत बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले होते. समोरासमोर दोन खोल्या, ५० आणि ५१. एक संसाराला, एक अभ्यासाला. आता रात्र वाटून घेण्याची गरज उरली नव्हती. पदवीनंतर, १९१३ च्या जानेवारीत, भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांच्या मनात ते नव्हते. पंधराएक दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली.

पुढचा प्रसंग लिहिताना आमचा हात अडखळतो. मुंबईकडे येताना सुरत स्थानकावर गाडी थांबली. वडिलांसाठी थोडी मिठाई न्यावी म्हणून भीमराव खाली उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या गाडीसाठी थांबावे लागले व घरी पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सुभेदार जागेच होते. डोळे दाराकडे लागले होते. मुलगा जवळ येताच त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला, आणि त्यानंतर ते गेले. दिनांक २ फेब्रुवारी १९१३. ज्या माणसाने वर्षानुवर्षे मुलासाठी रात्री जागून काढल्या, त्याने अखेरची रात्रही त्याच्याचसाठी जागून काढली.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठातील आणि नंतर लंडनमधील वर्षांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही ते थोडक्यात आटोपतो. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरील निबंध वाचला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले. लंडनला अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली ते परत आले. मागाहून सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले आणि जमविलेल्या ग्रंथांचा मोठा भाग समुद्राच्या तळाशी गेला. त्या सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्याचे गाडीभाडे भागले. करारानुसार दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची होती.

म्हणजे साताऱ्याच्या मुलाने जे मागितले होते ते सर्व आता त्याला मिळाले होते. मोठ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. परदेशी विद्या पदरी होती. महाराजांच्या दरबारात लष्करी सचिवाचे पद होते. कोणाच्याही अंकित राहण्याचे कारण उरले नव्हते. आणि या माणसाला बडोदे शहरात राहायला एक खोली मिळेना.

अखेर एका पारशी उतारशाळेत, पारशी नाव धारण करून, दररोज दीड रुपया भाड्याने त्यांनी आश्रय घेतला. वरचा मजला म्हणजे मोडक्या सामानाने भरलेले एक मोठे दालन. दुसरा पाहुणा नाही, विजेचा दिवा नाही. रात्री रखवालदार एक लहानसा कंदील आणून ठेवी. वटवाघळांनी त्या दालनात घर केले होते. त्यांची फडफड चाले आणि कंदिलाच्या त्या तुटपुंज्या उजेडात हे वाचीत बसत. आपण एकटे आहोत हे विसरण्यासाठी वाचीत, असे त्यांनी लिहिले आहे. परळच्या चिमणीजवळ बसलेला मुलगा आणि बडोद्याच्या कंदिलाजवळ बसलेला सचिव यांच्यात दहा-बारा वर्षांचे अंतर होते. पहिल्याच्या पाठीमागे बाप झोपलेला होता. दुसऱ्याच्या पाठीमागे कोणी नव्हते.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावरून वर आला. संध्याकाळपर्यंत उतारशाळा सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. शहरात दोन परिचित होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ कामाठी बागेत एका झाडाखाली बसून काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून वंदन करतो. आमच्यातील कित्येकांनी सहकुटुंब तेथे जाऊन दर्शन घेतले आहे. बाबासाहेबांनी स्वतः त्या तासांचे वर्णन लिहिले आहे, आणि ते वाचताना एक गोष्ट आम्हांला चटका लावून गेली. तेथे कोणत्याही प्रतिज्ञेचे शब्द नाहीत. मन कधी रिकामे होते, कधी दुःखाने भरलेले होते आणि निराधार मुलाला जशी आईवडिलांची आठवण येते तशी आपल्याला आली, एवढेच ते सांगतात. सव्वीस वर्षांचा उच्चविद्याविभूषित गृहस्थ झाडाखाली बसला होता, आणि त्याच्याजवळ त्या वेळी होते ते फक्त सुभेदारांचे आणि भीमाबाईंचे स्मरण. रात्री आठ वाजता ते बागेतून उठले, सामान घेतले आणि गाडीत बसले.

प्रतिज्ञेचे शब्द नसले तरी पुढील कृती साक्ष देतात. स्वतःच्या पायांवर उभे राहून भागत नाही, पाय ठेवायला भूमीच नाकारली जात असेल तर ती सर्वांसाठी मिळवावी लागते, हे त्यांना बडोद्याने शिकविले, असे आमचे मत आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाची भर सभेत द्वाही फिरविली. साताऱ्यात धरलेला एकट्यापुरता हेतू एव्हाना समाजाएवढा रुंद झाला होता.

नंतर ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच हजर, बंद होईपर्यंत तेथेच. परत आल्यावर भाड्याच्या खोलीत मध्यरात्र उलटेपर्यंत पुन्हा वाचन. भूक फार लागली तर मुंबईहून नेलेले पापड भाजून खाणे. खोलीतला सोबती मध्येच जागा होऊन आता झोपा म्हणून विनवी. मात्र या वेळी त्यांच्यासाठी जागत होते ते दुसरेच कोणी. परळच्या खोलीत रमाबाई दिवस काढीत होत्या. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठून गेल्यावर, रात्री ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता त्या या रमाबाई. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. यशवंत तेवढे उरले. सुभेदारांच्या जागरणांचा निदान दोन वाजता शेवट होत असे. रमाबाईंच्या जागरणांना तसा काटा नव्हता.

१९२३ साली डी. एस्सी. व बॅरिस्टर होऊन बाबासाहेब परतले, आणि २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेने काय हाती घेतले? १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढले. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता, काळाराम मंदिराचा पाच वर्षे. त्या सर्वांच्या आधी वसतिगृह झाले. एका खोलीत बकरी, जाते आणि चूल यांच्यामध्ये बसून शिकलेल्या माणसाला हे ठाऊक होते की, मुलाच्या अंगी बुद्धी असून चालत नाही. त्याला दिवा, जागा आणि शांतता कोणीतरी द्यावी लागते, व प्रत्येक घरी रामजी सुभेदार असतातच असे नाही. ज्यांच्या घरी दिवसभर वीटभट्टीवर राबून आलेले आईबाप अंधार पडताच गाढ झोपी जात, अशा आमच्यापैकी अनेकांसाठी दोन वाजेपर्यंत जागण्याचे काम वसतिगृहाने केले. आमचे गृहपाल रात्री उशिरा कंदील घेऊन फेरी मारीत आणि पहाटे पाचला घंटा देत. ते झोपत तरी केव्हा, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही.

गृहपालांच्या गोष्टीत आणखी एक लहानशी दुरुस्ती करणे प्राप्त आहे, आणि ती वाचून आजचे विद्यार्थी हसतील. उत्तरायुष्यात बाबासाहेब नित्यनेमाने पहाटे उठत होते असे म्हणता येणार नाही. दादरच्या राजगृहात, स्वतः बांधलेल्या त्या ग्रंथांच्या घरात, ते रात्र रात्र वाचीत आणि जग उठण्याच्या वेळी झोपी जात, अशा आठवणी त्यांच्या सहवासातील अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. चाळीतील मुलाने जी वेळ धरली होती ती तशीच राहिली होती. तिच्याकडे येण्याचा रस्ता तेवढा बदलला. लहानपणी झोप आधी घेऊन ते त्या वेळेला पोहोचत, मोठेपणी झोप मागे टाकून. या सवयीने त्यांच्या प्रकृतीची हानी केली, हेही लपविण्यात अर्थ नाही. मधुमेहाने शरीर पोखरले, पाय साथ देईनासे झाले. मुलांनी हे अनुकरण करू नये, असे आम्ही आईबापांच्या नात्याने म्हणतो, आणि शिष्यांच्या नात्याने गप्प बसतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. केळुसकरांनी दिलेले पुस्तक जेथे घेऊन आले तो हा दिवस. मात्र स्वतः लिहीत असलेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ अजून छापून यावयाचा होता.

५ डिसेंबर १९५६. दिल्लीतील २६, अलीपूर रोड. संध्याकाळी भेटीस येणारे येऊन गेले. रात्री त्यांनी बुद्धवंदनेचे स्वर आळविले. जेवणानंतर कबीराचे एक पद गुणगुणले. सुभेदारांच्या घरी सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्या भजनांतील कबीर पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या ओठांवर होता. मग त्यांनी आपले सहायक नानकचंद रत्तू यांना ग्रंथाच्या प्रस्तावनेचे आणि उपोद्घाताचे टंकलिखित कागद टेबलावर आणून ठेवण्यास सांगितले. रात्रीतून त्यांवर नजर फिरवावयाची होती. रत्तूंनी कागद ठेवले आणि ते घरी गेले. ६ डिसेंबरच्या सकाळी घरातील माणसे उठविण्यास गेली, तेव्हा बाबासाहेब उठले नाहीत.

तो ग्रंथ १९५७ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला. आमच्या वसतिशाळेत त्याची एक प्रत होती, कोपरे झिजलेली, खाकी कागदाचे वेष्टन घातलेली. पहाटेच्या वंदनेनंतर गृहपाल त्यातील एक पान वाचून दाखवीत. बाहेर तेव्हा नुकते दिसू लागलेले असे.